खडा, सरस आणि धूळ : पॉलिश पेपरचा इतिहास

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले आमचे हार्डवेअरचे दुकान छतापर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसून आम्ही एकेक कप्पा रिकामा करू लागलो. खिळे गंजले होते, सिमेंटच्या गोण्यांचे धोंडे झाले होते, बिजागऱ्यांच्या खोक्यांचा लगदा झाला होता. २००५ च्या पुरात हे सगळे पाहून झाले होते, त्यामुळे त्याचे नवल नव्हते. नवल वाटले ते तळाच्या फळीवरच्या पॉलिश पेपरच्या दोन गठ्ठ्यांचे.

एक गठ्ठा काळ्या वॉटरपेपरचा होता. तो धुतला, दोरीवर वाळत घातला आणि पुढच्या महिन्यात निम्म्या किमतीत विकलाही. दुसरा गठ्ठा वडिलांच्या वेळचा, तपकिरी, सुतारकामाचा. तो उचलला तेव्हा हातात नुसता ओला कागद आला. कागदावरची सगळी कच खाली फळीवर बोटभर थराने साचली होती. चिमूटभर घेऊन चोळली, तर कण तितकेच टोकदार होते. खडा शाबूत होता, कागदही बऱ्यापैकी शाबूत होता. नाहीसा झाला होता तो दोघांना धरून ठेवणारा सरस.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बी.कॉम. झालो आणि गल्ल्यावर बसलो. जे काही वाचले ते गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानांतून आणलेल्या पुस्तकांतून. ज्या वस्तू आपण विकतो त्या कुठून आल्या, हे शोधण्याची सवय तिथूनच लागली. खिळ्याबद्दल, कुलपाबद्दल पुष्कळ लिहिलेले सापडते. पॉलिश पेपर मात्र वापरून फेकायची वस्तू. त्याचा इतिहास सांगणारे सहसा खड्याची गोष्ट सांगतात: आधी वाळू, मग काच, मग गार्नेट, मग भट्टीत तयार केलेले कृत्रिम खडे. पुरानंतर मला वाटू लागले, की ही गोष्ट चुकीच्या टोकाने सांगितली जाते. खडा माणसाजवळ पहिल्यापासून होता. अडले होते ते खडा धरून ठेवण्यापाशी. आणि ते जमल्यावर घासताना जे सुटते, त्या धुळीचा हिशेब कोणीच बराच काळ ठेवला नाही.

नाव आणि नंबर

आमच्याकडे या कागदाला कोणी पॉलिश पेपर म्हणतो, कोणी काचपेपर. उत्तरेकडून आलेले कारागीर रेगमाल मागतात. फारसीत रेग म्हणजे वाळू आणि 'माल' हे घासण्याच्या क्रियापदाचे अंग. म्हणजे रेगमाल या शब्दात वाळू टिकून आहे आणि काचपेपर या शब्दात काच. इंग्रजांच्या देशात एकोणिसाव्या शतकात हा कागद खरोखरच काच कुटून करत. आज दुकानातल्या एकाही कागदावर काच नाही, पण नाव राहिले.

नंबरांचेही तसेच. जुन्या काचकागदाचे नंबर शून्य, एक, दीड, दोन, अडीच, तीन असे चढत जात. जितका नंबर मोठा तितका कागद खरखरीत. सर्वांत मऊ तो शून्य किंवा दोन शून्यांचा. नंतर चाळणीवरून नंबर देण्याची पद्धत आली. ज्या चाळणीतून कण गाळले जातात तिला एका इंचात किती छिद्रे, तो कागदाचा नंबर. आता नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. म्हणजे मोजपट्टी उलटी झाली. तरीही आजसुद्धा शेवटचा हात मारायला सुतार 'झिरो नंबर' मागतो. समोर १२० आणि २२० चे गठ्ठे असतात, पण त्याच्या तोंडी शंभर वर्षांपूर्वीची मोजपट्टी असते. नवा पोऱ्या दुकानात ठेवला की पहिल्या आठवड्यात त्याची इथे हमखास फसगत होते.

कागदाच्या पाठीवर आकड्याआधी 'पी' हे अक्षर छापलेले असेल, तर तो युरोपात ठरलेल्या प्रमाणाचा कागद. त्या प्रमाणात ८० नंबरच्या कणाचा सरासरी आकार सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे एक पंचमांश मिलिमीटर. १२० चा कण १२५ मायक्रॉन, २४० चा ५८ च्या आसपास आणि ४०० चा ३५. हे आकडे समोर ठेवले म्हणजे सुताराचा क्रम कळतो. रंधा मारलेली फळी आधी ८० ने घासायची, मग १२० ने, मग १८० ने, मग २२० ने. प्रत्येक कागद लाकडावर ओरखडेच काढतो. फक्त आधीच्या कागदाचे ओरखडे पुसून त्यांच्या जागी स्वतःचे, जास्त बारीक ओरखडे ठेवतो. मधला एक नंबर गाळला, तर आधीचे खोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशचा हात बसला की नेमके वर उठून दिसतात. आडवे घासले तर ते आणखी ठळक होतात, कारण लाकडाचे तंतू तुटतात. म्हणून घासायचे ते रेषेच्या दिशेने.

गुळगुळीत लाकूड म्हणजे ओरखडेच नसलेले लाकूड नव्हे. ओरखडे आता डोळ्याला दिसत नाहीत आणि बोटाला लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही डोळ्यापेक्षा बोट फसवायला कठीण. जुना सुतार फळी पारखताना नजर दुसरीकडे लावून तळवा फिरवतो, ते उगाच नाही. २०१३ मध्ये स्टॉकहोममधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फक्त १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक माणसाच्या बोटाला ओळखता आला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तेरा. दुकानातला कोणताही कागद इथवर पोचत नाही.

मुशी, प्राजक्त आणि खरवत

कागदाआधी लोक लाकूड कशाने घासत? पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात मुशीच्या जातीतल्या एका माशाचा उल्लेख करतो, ज्याच्या कातडीने लाकूड आणि हस्तिदंत घासून चकचकीत करत. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. मुशी साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की कातडी कानशीसारखी लागते. त्या कातडीत सूक्ष्म काटे असतात आणि त्यांची घडण आपल्या दातांसारखी असते: आत दंतद्रव्य, वर कठीण कवच. जपानमध्ये अशाच कातडीवर वसाबीचा कंद किसतात.

युरोपातले दुसरे साधन म्हणजे ओलसर जागी उगवणारे एक बिनपानांचे, पेरापेरांचे गवत. इक्विसेटम हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या कांड्यांच्या सालीत सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, साठलेली असते. बाराव्या शतकाच्या सुमारास थिओफिलस नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. चित्र काढण्याआधी फळीला पांढरा लेप देऊन ती या वाळवलेल्या गवताने घासावी, असे तो सांगतो. हॉलंडमधून हे गवत इतके निर्यात होई की इंग्रजीत त्याला डच लव्हाळे असेच नाव पडले. पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रुबो या सुताराने १७६९ पासून पुढे काही वर्षे आपल्या व्यवसायावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही माशाची कातडी आणि हे गवत दोन्ही आहेत. जपानी सुतारही हेच गवत वापरत आले.

आपल्याकडे हे काम पानांनी केले. पारिजातक, आपला प्राजक्त, मराठी कवितेत फुलांसाठी येतो. त्याचे पान हातात घेऊन पाहा. वरची बाजू राठ आणि खरबरीत लागते. हे पान लाकूड आणि हस्तिदंत घासायला वापरत. सह्याद्रीच्या उतारांवर उंबराच्या कुळातले एक झाड आहे, खरवत. त्याच्या सध्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द एक्झॅस्पेराटा, म्हणजे खरखरीत केलेली. रॉक्सबर्गने दिलेल्या नावाचाही अर्थ अतिशय खरखरीत असाच होता. म्हणजे लॅटिन जाणणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि कोकणातल्या शेतकऱ्याला या झाडाबद्दल पहिल्यांदा सांगावीशी वाटलेली गोष्ट एकच. लाखकामात केवड्याचे पान चरकावर फिरणाऱ्या खेळण्याला दाबून धरतात, पण तिथे घासण्यापेक्षा लाखेला तकाकी आणणे हा उद्देश असतो.

खरवतीच्या पानाचा प्रयोग मी स्वतः करून पाहिला. ओले पान सागाच्या तुकड्यावर फिरवले तर हिरवा डाग पडला आणि पान फाटले. सावलीत वाळवून, पुन्हा थोडे दमट करून घेतले, तेव्हा काम झाले. बारीक कागदासारखा हात फिरला आणि लाकडाला किंचित चमकही आली. पण एक पान चार-पाच मिनिटांत थकले. तळहाताएवढ्या तुकड्याला सात पाने लागली. दिवाणाची एक पाठ घासायची तर किती पाने वाळवावी लागली असती, याचा अंदाज त्यावरून आला.

या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान आहे. मुशीचा काटा तिच्या कातडीत रुजलेला असतो, गवतातली सिलिका त्याच्या सालीत मुरलेली असते, खरवतीचा राठ केस पानातूनच उगवतो. खडा आणि त्याचा आधार एकत्र वाढलेले असतात. तिथे जोड नाही, म्हणून जोड सुटण्याचा प्रश्नही नाही. अडचण पुरवठ्याची आणि सारखेपणाची. दोन पाने एका नंबरची नसतात.

कागदावर सरस

एकोणिसाव्या शतकात लाकडी सामान कारखान्यात बनू लागले आणि पाने, गवत, कातडी अपुरी पडली. लंडनमध्ये जॉन ओकी याने १८३३ मध्ये काचकागदाचा धंदा सुरू केला. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या आयझॅक फिशर याला १४ जून १८३४ रोजी सँडपेपर बनवण्याच्या कृतींवर पेटंट मिळाले. सरसावर काच किंवा वाळू भुरभुरण्याची कल्पना या दोघांचीच असे मानायचे कारण नाही. तेवढे तर कोणताही सुतार घरी करू शकला असता. ओकीचे श्रेय असे, की सरस आणि तो पसरण्याची कृती त्याने अशी बसवली, की एकसारखा कागद मोठ्या संख्येने तयार होऊ लागला.

सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला डिंकासारखा पदार्थ. जुन्या सुतारांच्या कामाच्या जागी त्याचे भांडे दुहेरी असे, कारण थेट आचेवर सरस जळतो. त्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. सांधे जोडायला तो उत्तम. पण त्याचा स्वभाव असा, की गरम पाण्याने तो पातळ होतो आणि दमट हवेतसुद्धा नरम पडतो. कागदावरचा थर पातळ असावा तर खडे सुटतात, जाड असावा तर खडे त्यात बुडतात आणि टोके बाहेर येत नाहीत. म्हणून आधी एक थर, त्यावर खडे, मग वरून दुसरा पातळ थर, अशी रीत बसली. ती आजही आहे, फक्त सरसाच्या जागी रेझिन आले.

पावसाळ्यात वडील पॉलिश पेपरचे गठ्ठे सर्वांत वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत. आषाढात विकलेला कागद घासताना गळतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली. आम्ही मालाला दोष देत असू. दोष हवेचा आणि सरसाचा होता.

कुरुंदाचा फेरा

खड्यांच्या बाबतीत आपला एक जुना धागा या इतिहासात आहे. कुरुंद हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा खनिज दगड. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. त्याची पूड लाखेत कालवून केलेली चाके आपले रत्नकार आणि शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. म्हणजे कुटलेला खडा चिकट पदार्थात धरून ठेवण्याची युक्ती आपल्याकडे होती, पण ती चाकाच्या रूपात, दगड आणि पोलादासाठी. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातल्या कुरुंदावर लेख लिहिला. तिथल्या विद्वानांनी खनिजासाठी नावही आपलेच ठेवले: कोरंडम.

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड गुडरिच अ‍ॅचेसन हा गृहस्थ विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवत होता. कृत्रिम हिरे करण्याचा त्याचा प्रयत्न होता. हिरे झाले नाहीत, पण काचेवर ओरखडा काढणारे चमकदार कण हाती लागले. ते कार्बन आणि कोरंडम यांचे मिळून बनले असावेत, असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. समजूत चुकीची ठरली. तो पदार्थ सिलिकॉन आणि कार्बन यांचा निघाला. पण नाव टिकले. १८९३ मध्ये पेटंट मिळाले आणि स्वस्त वीज मिळावी म्हणून १८९५ मध्ये कारखाना नायगारा धबधब्याशी गेला. आमचा पुरातून वाचलेला काळा वॉटरपेपर याच पदार्थाचा.

या नावाचा फेरा पुढे भारतातच पूर्ण झाला. १९५४ मध्ये मद्रासमध्ये मुरुगप्पा उद्योगसमूह, अमेरिकेची कार्बोरंडम कंपनी आणि एक ब्रिटिश कंपनी यांनी मिळून कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी काढली. कुरुंदम हा शब्द तमिळ प्रदेशातून निघाला, लंडनमार्गे अमेरिकेत गेला आणि कारखान्याच्या पाटीवर पुन्हा तमिळ प्रदेशात आला. त्याआधी १९४१ मध्ये आपल्याकडे उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलचा धार लावायच्या चाकांचा कारखाना सुरू झाला होता. १९६२ मध्ये गाझियाबादजवळ मोहननगरला जॉन ओकी अँड मोहन ही कंपनी स्थापन झाली. ओकीचे नाव वडिलांच्या काळात आमच्या फळीवर होते, ते तिकडून आले.

तेलकट गार्नेटची गोष्ट

खड्यापेक्षा बंधन महत्त्वाचे, याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या एका कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडतो. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, आजची थ्रीएम. १९०२ मध्ये पाच जणांनी ती कोरंडम काढण्यासाठी स्थापन केली. खाणीतून निघालेला दगड कोरंडम नव्हता, तर घासकामाला निरुपयोगी असा मऊ खनिज निघाला. मग त्यांनी बाहेरून गार्नेट, आपल्याकडचा तामडा खडा, विकत घेऊन पॉलिश पेपर करायला घेतला. लाकडासाठी गार्नेट वापरण्याचा धंदा हेन्री बार्टन याने न्यूयॉर्क राज्यात १८७८ मध्ये रुजवला होता. गार्नेट घासताना तुटतो आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा धारदार कड येते, म्हणून सुतारांना तो आवडे.

१९१४ मध्ये थ्रीएमकडे तक्रारी येऊ लागल्या, की कागदावरून गार्नेट गळतो आहे. सरस तपासला, कागद तपासला, काही सापडेना. शेवटी गार्नेट पाण्यात टाकल्यावर वर तेलाचा तवंग दिसला. स्पेनहून येणाऱ्या जहाजात गार्नेटच्या पोत्यांशेजारी ऑलिव्ह तेलाची पिंपे होती. वादळात ती फुटली आणि तेल पोत्यांत मुरले. खड्याच्या धारेत काहीच कमी नव्हते. फक्त सरस त्याला धरू शकत नव्हता. खडे भाजून तेल घालवले तेव्हा माल वापरता आला. हा धडा घेऊन कंपनीने १९१६ मध्ये ५०० डॉलर खर्चून माल तपासायची एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या संशोधनाचा उगम न चिकटलेल्या खड्यात आहे.

पुढचे पाऊलही बंधनाचेच होते. फिलाडेल्फियातला शाई बनवणारा फ्रान्सिस ओकी याने १९२० मध्ये थ्रीएमला पत्र लिहून वेगवेगळ्या नंबरांच्या खड्यांचे नमुने मागितले. लंडनचा काचकागदवाला ओकी वेगळा, हा वेगळा. कंपनीला प्रश्न पडला, की शाईवाल्याला खडे कशाला हवेत? तो पाण्यात न सुटणारा कागद करत होता. थ्रीएमने त्याचे हक्क घेतले आणि १९२१ मध्ये ओला वापरता येणारा कागद बाजारात आला. मोटारीचा रंग घासणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. पाणी मारत घासले की कागद चोंदत नाही, ओरखडे बारीक येतात आणि धूळ उडत नाही. त्या काळी मोटारीच्या रंगात शिसे असे, त्यामुळे न उडणारी धूळ ही कामगारांच्या जिवाची गोष्ट होती.

१९३० च्या दशकात सरसाची जागा कृत्रिम रेझिन घेऊ लागले. त्याच सुमारास विजेच्या भाराने खडे उभे करून कागदावर रोवण्याची कृती आली. आधी खडे वरून पडत आणि आडवेतिडवे चिकटत. आता प्रत्येक खडा टोक वर करून बसू लागला. मुशीच्या कातडीवर काटे जसे एका रीतीने लागलेले असतात, तसे काहीसे आता यंत्राने साधले.

लाकडाला पाणी चालत नाही

ओल्या घासकामाने मोटारीच्या रंगाची धूळ बसली. लाकडाच्या बाबतीत मात्र हा उपाय चालत नाही. कोऱ्या लाकडाला पाणी लागले की त्याचे तंतू फुगतात आणि उभे राहतात. सुतार याचा मुद्दाम उपयोगही करतो: फळी ओल्या फडक्याने पुसतो, वाळू देतो आणि उभे राहिलेले तंतू बारीक कागदाने हलकेच काढतो. पण सगळे घासकाम पाण्यात करता येत नाही. म्हणजे धूळ बसवणारा कागद आला, तरी सुतार कोरडाच घासत राहिला.

रंध्याने निघतात ते छिलके. ते जमिनीवर पडतात, बंबात जातात. कागदाने निघते ती पीठासारखी धूळ आणि तिच्यातला सर्वांत बारीक भाग बराच वेळ हवेत तरंगतो. कागदाचा नंबर जितका वर, तितकी ही धूळ बारीक. म्हणजे काम जितके सुंदर, तितके श्वासाला वाईट. त्यात हाताने चालणारे काम यंत्रावर गेले आणि धूळ अनेक पटींनी वाढली.

इंग्लंडमधले हाय विकम हे गाव लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण पुन्हा पुन्हा फर्निचरच्या कामगारांतूनच येत आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. संशय लाकडाच्या धुळीवर आला. अभ्यासाच्या लेखकांत पहिले नाव डोनाल्ड अ‍ॅचेसन यांचे आहे. पुढे ते इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. कार्बोरंडम शोधणारा एक अ‍ॅचेसन आणि धुळीचा माग काढणारा दुसरा. मधे जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला, माणसाला कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात घातले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या दुकानाची खातेवही आठवली. सुतारकाम शिकायला आलेल्या मुलाला पहिल्यांदा घासायला बसवतात. चुकले तरी फार नुकसान नाही, आणि कंटाळवाणे काम कोणी तरी करायचेच असते. रंधा आणि पटाशी वर्षभराने हातात मिळते. या मुलांसाठी मी तीस वर्षे डझनावारी कागद विकला. त्या वह्यांत पॉलिश पेपर पानोपानी आहे, सरस आहे, पुढे फेविकॉल आहे, लाखेचे पॉलिश आणि स्पिरिट आहे. नाकावर बांधायची एक पट्टीसुद्धा नाही. कोणी मागितली नाही, म्हणून ठेवली नाही. मीही कधी विचारले नाही. मुले रुमाल बांधत, तोही उन्हाळ्यात सुटे.

कोणता कागद खडा किती दिवस धरेल, हे आम्ही बोटाने चाचपून सांगत असू. खडा धरलेला कागद जे सोडतो, ते कुठे जाते, हा प्रश्न त्या चाचपणीत नव्हता. गेल्या दोनशे वर्षांत सरसापासून रेझिनपर्यंत जी बुद्धी खर्च झाली, ती मुख्यतः खडा सुटू नये म्हणून. धूळ ओढून घेणारी यंत्रे आता मोठ्या कारखान्यांत आहेत. चिपळूणच्या वाडीत ओटीवर चालणाऱ्या सुतारकामात ती नाहीत, आणि तिथे कागद अजून चार घड्या घालून हातानेच फिरतो.

पुरानंतर दुकान पुन्हा लावले तेव्हा पॉलिश पेपर वरच्या फळीवर गेला आणि त्याच्या शेजारी मी मास्कचे खोके ठेवले. कोविडच्या दिवसांमुळे मास्क हा शब्द तरी सगळ्यांना माहीत झाला होता. पहिले काही महिने जुने मिस्त्री हसत. "शेठ, आयुष्यभर भुसा खाल्ला, आता काय व्हायचं?" असे एकाने विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आता पॉलिश पेपर मागायला कोणी आले की मी दोन गोष्टी विचारतो. एक, नंबर कोणता. दुसरी, घासायला कोण बसणार आहे. नवा मुलगा असेल, तर कागदाच्या गुंडाळीत दोन मास्क घालून देतो आणि ते बिलात धरत नाही.